काळी एक, पांढरी चार

धायरी फाट्याच्या पुढे, वाळूच्या ढिगाला वळसा घालून आम्ही इमारतीत शिरतो तेव्हा कीबोर्ड जिन्यातच ऐकू यायला लागतो. रविवारचे साडेनऊ वाजलेत. लिफ्ट बंद आहे. माझी अकरा वर्षांची भाची दोन-दोन पायऱ्या एकदम चढते आहे आणि प्रत्येक मजल्यावर वळून सांगते आहे, "मावशी, भारी वाजतोय गं!" वाजतोय खराच भारी. ढोलक, बासरी, मागे व्हायोलिनांचा ताफा, सगळं एकाच यंत्रातून. जिना चढता चढता मी मनाशी एवढंच धरून ठेवते, की इतक्या मोठ्या आवाजात कुठलंच वाद्य वाईट लागत नाही.

चौथ्या मजल्यावर दार उघडंच आहे. बावीस-तेवीसचा मुलगा "या ताई, बसा" म्हणतो, आणि म्हणतानाही त्याचा उजवा हात थांबत नाही. तो बेंजो पथकात वाजवतो, वरातींत, गणपतीत, देवीच्या मिरवणुकीत. आता नवा मोठा कीबोर्ड घेतलाय म्हणून हा काढायचाय. किंमत ८,००० रुपये. पट्ट्या ६१, म्हणजे पाच सप्तकं आणि वरचा एक सा. पॅनेलवर सोनेरी अक्षरांत छापलंय, '६०० टोन'. भाची एकेक बटण दाबून बघते. सतार आहे, शंख आहे, समुद्राची गाज आहे, कुत्र्याचं भुंकणंसुद्धा आहे. तिचे डोळे लकाकतात. अकराव्या वर्षी माझेही लकाकले असते.

"ताल बंद कर बाळा," मी त्या मुलाला म्हणते. "आणि आवाज पार कमी कर. ऐकू येईल न येईल इतका."

"कमी आवाजात काय कळणार ताई?"

"कमी आवाजातच कळतं."

तो बाजूला होतो. मी साधा पियानोचा टोन लावते, 'टच' चालू आहे ना ते बघते, आणि अगदी डावीकडच्या पट्टीपासून सुरुवात करते. एक बोट, एक पट्टी, झोपलेल्या पोराच्या अंगावर पांघरूण घालावं इतक्या हलक्या हातानं. मग शेजारची काळी. मग पुढची पांढरी. घाई करायची नाही, एकही गाळायची नाही. विकणारे गाणं वाजवून दाखवतात आणि घेणारेही गाणंच वाजवून बघतात. पण गाण्यात ठरावीक पंधरा-वीस पट्ट्याच लागतात, उरलेल्या तशाच राहून जातात. भाचीला पहिली पाच मिनिटं हे फार कंटाळवाणं वाटतं. ती खिडकीकडे बघते आहे. आणि मग मधल्या सप्तकातली पांढरी तीन येते, आणि ओरडते.

दुसरा शब्द नाही त्याला. सगळ्या पट्ट्या कुजबुजत असताना ही एकटी किंचाळते. भाची दचकून वळते. मी परत दाबते, आणखी हळू. परत किंचाळी. तिच्या पुढच्या दोन नीट आहेत, तिसरीला दाबलं की काहीच येत नाही, दुसऱ्यांदा दाबल्यावर येतं.

पिशवीतून मी चौकोनी तोंडाची केबल काढते, प्रिंटरला लागते तसली, आणि छोट्या जोडणीनं फोनला लावते. फोनवर एक साधं ॲप आहे. पट्टी किती वेगानं खाली गेली ते ते १ ते १२७ या आकड्यांत दाखवतं. भाचीला आता खेळ मिळालाय. ती हळू दाबते आणि आकडे वाचते, "एकेचाळीस... अडतीस... चव्वेचाळीस... एकशे सत्तावीस!" बोट तेच, जोर तोच.

मुलगा वाकून बघतो. त्याला हे माहीत नव्हतं असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटतं, आणि माझा त्यावर विश्वास आहे. टेम्पोवर, भोंग्यांच्या समोर, सगळेच सूर १२७ नं वाजवायचे असतात. तिथे ही पट्टी वेगळी कशी कळणार? मी त्याला सांगते. प्रत्येक पट्टीखाली रबराच्या दोन टिकल्या असतात, तळाला काळा कार्बन लावलेल्या. पट्टी दाबली की एक टिकली आधी टेकते, दुसरी किंचित मागून. ह्या दोन टेकण्यांमध्ये किती वेळ गेला त्यावरून यंत्र ठरवतं की बोट हळू आलं की जोरात. एका टिकलीवर घाण बसली की हा सगळा हिशेब चुकतो. मग एक तर सूर लागत नाही, नाहीतर सगळ्या ताकदीनिशी लागतो.

"घाण कशाची पण? मी तर रोज पुसतो," तो म्हणतो.

मी डोळे पट्ट्यांच्या पातळीवर आणते. असं आडवं बघितलं की खाली बसलेल्या पट्ट्या लगेच दिसतात. एक बसलीय थोडी. पण मला दिसतं ते वेगळंच. पांढऱ्या आणि काळ्या पट्टीच्या मधल्या फटीत, अगदी आत, दोऱ्याइतकी बारीक गुलाबी रेघ. मी फुंकर मारते. गुलाबी धूळ उडते आणि उन्हाच्या तिरिपेत तरंगत राहते.

"गुलाल," भाची म्हणते.

मुलगा गप्प होतो. मग हळूच सांगतो, "विसर्जनाला टेम्पोवर होता. पाऊस पण आला होता त्या दिवशी."

ॲडॉप्टरही मूळचा नाही. इंटरनेटच्या डब्याचा आहे, पिन ढिली म्हणून रबरबँडनं आवळलेला. वायर हलवली की दिवे मिणमिणतात. वाद्याच्या मागे, पिन जाते त्या भोकाजवळ एक इवलंसं चित्र छापलेलं असतं. मधला ठिपका, भोवतीचा अर्धा गोल, आणि त्यांना जोडलेले अधिक-उणे. मधे अधिक की मधे उणे, आणि व्होल्ट किती, हे दोन्ही ॲडॉप्टरवरच्या छापाशी जुळलं पाहिजे. काही कंपन्यांना १२ व्होल्ट लागतात आणि मधे अधिक, काहींच्या जुन्या वाद्यांना ९ व्होल्ट आणि मधे उणे. पिन दोन्हीत जाते म्हणून लोक लावतात, आणि एका क्षणात आतला बोर्ड जातो. मी त्याला ते चित्र दाखवते. इथे सुदैवानं जुळतंय.

मी त्याला मनापासून सांगते, की हे टाकाऊ नाही. बुधवार पेठेत एखाद्या चांगल्या कारागिराकडून उघडून घे, पट्ट्या काढून रबर साफ होईल, नाहीतर रबराची पट्टी बदलेल. मग एखाद्या भजनी मंडळाला हा अगदी योग्य आहे. उचलायला हलका, ताल आत, शिवाय सेलवर चालणारा. आपल्या लोकांना काय लागतं ते ओळखून यामाहानं पीएसआर-आय मालिका काढली, तिच्यात तबला आणि तानपुरा आतच बसवले. आय-४५५ मध्ये तर रियाजाची सोयच आहे. ज्याला सुगम संगीताला, भजनाला साथ करायचीय त्यानं असंच काहीतरी शोधावं, पियानोच्या मागे लागू नये. पण आमच्या पोरीचं काम वेगळं आहे.

"बरोबर आहे ताई," तो म्हणतो. दारापर्यंत सोडायला येतो आणि भाचीला विचारतो, "त्या ॲपचं नाव काय गं?"

गाडीत भाची घुश्शात आहे. तिला तो कुत्रा आवडला होता.

तिच्या घरी एक ६१ पट्ट्यांचा छोटा कीबोर्ड आहेच, चार वर्षांपूर्वी वाढदिवसाला घेतलेला. पट्ट्या हलक्या, स्प्रिंगच्या. त्यावर ती शिकली, त्यावर तिनं लिंबाचं सरबतही सांडलं. आता ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या पियानोच्या परीक्षा देते आहे. (त्यांची इलेक्ट्रॉनिक कीबोर्डची परीक्षा वेगळी असते. क्लास लावताना आई-वडिलांनी हे विचारून घ्यावं, म्हणजे घरी कुठलं वाद्य हवं ते आधीच कळतं.) क्लासमधल्या खऱ्या पियानोवर तिची बोटं लुळी पडतात. सर म्हणाले, घरी ८८ पट्ट्यांचं, वजनदार पट्ट्यांचं काहीतरी बघा, जुनं चालेल. नवा साधा डिजिटल पियानो चाळीस हजारांच्या घरात जातो. माझ्या बहिणीनं २०,००० बाजूला काढून ठेवलेत. फोनवर तिनं सकाळीच बजावलंय, "ताई, वीसच्या वर नाही हं."

ही वजनाची गोष्ट मला स्वतःला समजायला फार वर्षं लागली. मी पेटीवर वाढले. आमच्या आजोबांची पेटी होती. पेटीत बोट फक्त दार उघडतं, जोर येतो तो भात्यातून, डाव्या हातातून. पट्टी कितीही ताकदीनं दाबा, सूर मोठा होत नाही. पियानोचं बरोबर उलटं. तिथे पट्टीच्या दुसऱ्या टोकाला हातोडी आहे, ती तारेवर जाऊन आपटते, आणि किती जोरात आपटायची ते बोटानंच सांगायचं. मोठं वाजवणं कुणालाही जमतं. हळू वाजवायला बोटात बळ लागतं, कारण हातोडी उचलायची आणि तरी अलगद सोडायची. डिजिटल पियानोत तारा नसतात, पण चांगल्यांत पट्टीला हातोडीसारखं वजन जोडलेलं असतं. खर्जात जड, वर जाल तसं हलकं. स्प्रिंगच्या पट्टीवर शिकलेलं बोट हे वजन उचलायला कधी शिकतच नाही. म्हणून ८८ पट्ट्यांपेक्षाही मला हे वजन महत्त्वाचं वाटतं. ७६ असत्या तरी चाललं असतं, पण वजन हवंच.

"पियानो म्हणजेच हळू," मागून आवाज येतो. घुस्सा उतरलाय. "पुस्तकात पी लिहिलेलं असतं ना, ते. सरांनी सांगितलंय. इटालियन आहे."

"आणि पूर्ण नाव?"

"पियानोफोर्ते. हळू आणि मोठा."

सहकारनगरात तळमजल्यावरचं जुनं घर आहे. अंगणात पारिजातक आणि फाटकावर पुनर्विकासाचा फलक. दार काकू उघडतात. काका मागे उभे आहेत, पांढरा शर्ट, इस्त्रीचा. हॉलमध्ये अर्धं सामान खोक्यांत गेलंय. भिंतीला लागून जुन्या नऊवारीचं शिवलेलं आच्छादन घातलेलं लांबडं काहीतरी.

"आमच्या मुलाचा कॅसिओ," काकू आच्छादन काढत म्हणतात. खाली यामाहा आहे. पण आपल्याकडे सगळ्या कीबोर्डांना कॅसिओच म्हणतात. १९८० मध्ये कॅसिओनं आपलं पहिलं वाद्य, कॅसिओटोन २०१, बाजारात आणलं आणि पुढं ते नाव घराघरांत वाद्याचंच नाव होऊन बसलं.

हा पी-४५ आहे. २०१५ साली निघालेलं मॉडेल. आता कंपनीनं त्याच्या जागी पी-१४५ आणलंय, म्हणून जुन्या बाजारात हे बरेच दिसतात. आवाज फक्त दहा. बटणं दोन-तीन. भाची पॅनेलवर काहीतरी शोधते आणि तिला काही सापडत नाही. पण माझं लक्ष पट्ट्यांवर गेलंय. काळ्या पट्ट्या इथे चकचकीत नाहीत, पाटीसारख्या मऊ काळ्या आहेत. आणि मधल्या भागात काही पट्ट्यांवर पांढऱ्या मायक्रोपोरचे बारीक तुकडे चिकटवलेत, इंजेक्शननंतर लावतात ती चिकटपट्टी. कडा कात्रीनं सरळ कापलेल्या. त्यांवर अक्षर एकही नाही.

मी मोजते. काळी एक. काळी दोन. पांढरी चार. काळी चार. काळी पाच. आणि वरच्या सप्तकातली काळी एक.

"काका," मी म्हणते, "भूप वाजवता का?"

काका एकदम माझ्याकडे बघतात. काकू हसतात. "अहो, तुम्हाला कसं कळलं? आम्हाला चार महिने पत्ता नव्हता."

कळणारच. काळी एकचा सा धरला की रे काळी दोनवर, ग पांढरी चारवर, प काळी चारवर, ध काळी पाचवर. पाच सुरांत चार काळे आणि एकच पांढरा. मुलगा शिकायला जर्मनीला गेला त्यानंतर काकांनी लहानपणी वडिलांच्या पेटीवर शिकलेलं आठवून आठवून हे बसवलंय. दुपारी, काकू झोपल्यावर, हेडफोन लावून.

"वाजवा ना थोडं," भाची म्हणते.

"आधी तुम्ही तपासून घ्या. घेणाऱ्यानं आधी तपासावं," काका खुर्ची पुढे सरकवतात.

म्हणून परत डावीकडून पहिली पट्टी. या वेळी मी भाचीला बसवते आणि आपण फोन धरते. ५२ पांढऱ्या, ३६ काळ्या. एकदा हळू, एकदा मध्यम. तिचं बोट खर्जात रुततं आणि ती म्हणते, "इकडे जड आहेत गं." मी आकडे बघते. ३९, ४२, ४०, ३७. एक ५१ वर जाते, पण तिथे तिचंच बोट घसरलं होतं. दुसऱ्यांदा ४१ येतो. घरात आता कुणी बोलत नाही. काकू स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभ्या आहेत, आणि एकामागून एक सूर खालून वर चढत जातात. काका प्रत्येक सुराला मान किंचित हलवतात, जणू हजेरी चालू आहे. ८८ वी पट्टी वाजते. ओरडणारी एकही नाही.

मग मी आवाज पूर्ण बंद करते आणि नुसत्या पट्ट्या ऐकते. हेही करावं लागतं. पट्टी खाली जाऊन टेकते तिथे नमद्याची पट्टी असते, ती झिजली की लाकडावर नख आपटावं तसा टक् आवाज येतो. खर्जात दोन पट्ट्या तसं करतात. बाकीच्यांचा आवाज गादीवर मूठ टेकवावी तसा. पट्ट्या आडव्या हलवून बघते. खिळखिळी एकही नाही. एकच पट्टी भराभर दहा-बारा वेळा वाजवते, ती प्रत्येक वेळी उत्तर देते. पायाचं पेडल काकांनी जेवायच्या पाटावर चिकटवलंय, फरशीवर ते पुढं पळत राहतं म्हणून. आजवर पाहिलेल्या साऱ्या सोयींत मला ही सगळ्यात आवडते. पेडल दाबून धरून भाचीला खालून वरपर्यंत पळायला सांगते. ह्या यंत्रात एका वेळी ६४ सूर राहू शकतात. त्याहून जास्त झाले की जुने गळतात. तिच्या वयाच्या वाजवण्याला ते पुष्कळ आहेत.

"हेडफोनचं भोक जरा ढिलं झालंय," काकू आपणहून सांगतात. "पिन थोडी पिळली की दोन्ही कानांत येतं. सांगितलेलं बरं."

काका एका प्लास्टिकच्या फाइलमधून बिल काढतात, जून २०१८ चं. मूळचा १२ व्होल्टचा ॲडॉप्टर वायरीची नीट गुंडाळी करून ठेवलेला. लाकडी स्टँडचे जादा स्क्रू हळदीकुंकवाच्या जुन्या डबीत. वापरलेल्या वस्तूंच्या बाजारात मी पट्ट्यांइतकंच ह्या गोष्टींकडे बघते. ज्या घरात स्क्रूसुद्धा जपलेत त्या घरात वाद्यावर चहाचा कप कुणी ठेवला नसणार.

भाची आपला परीक्षेचा मिन्युएट वाजवते. पहिल्या दोन ओळी अडखळत, मग बोटांना वजनाचा अंदाज येतो. शेवटी जिथे 'पी' लिहिलंय तिथे ती खरंच हळू वाजवते. घरच्या कीबोर्डवर हे तिला जमत नव्हतं, आणि जमत नाही म्हणून ती रडलीही होती. ती माझ्याकडे बघत नाही. पट्ट्यांकडेच बघत म्हणते, "झालं ना गं हळू?"

आता काका बसतात. उजव्या हाताची बोटं मायक्रोपोरवर येतात. सा, रे, ग, आणि गवरून पवर जाताना एक छोटा श्वास. डावा हात काय करतो आहे ते मला क्षणभरानं दिसतं. तो वाद्याच्या कडेवर आहे आणि पंजा मिटतो, उघडतो, मिटतो, उघडतो. तिथे भाता नाही. साठ वर्षांपूर्वी होता. ह्या यंत्रात हवा नाही, दाब नाही, तरी त्या हाताशिवाय त्यांचा सूर निघत नाही. मला माझ्या आजोबांचा हात आठवतो आणि मी खिडकीकडे बघते.

वाजवणं थांबतं आणि व्यवहाराचं बोलणं निघतं. काकांनी २४,००० सांगितलेत. मी खरं ते सांगते. वाद्य चांगलं आहे, दोन पट्ट्यांचा नमदा आणि ते भोक सोडलं तर काही नाही, पण आमच्याकडे २०,००० आहेत. काकू बावीसवर येतात. त्यांचंही खरं आहे. तीन वर्षं भाड्याच्या एका खोली-किचनमध्ये जायचंय, तिथे साडेचार फुटांची रिकामी भिंत नाही, नाहीतर हे विकलंच नसतं. मुलगाच म्हणाला विकून टाका. काका काही बोलत नाहीत. ते नखानं मायक्रोपोरचा एक तुकडा उचकटायला लागलेत.

मधेच वाद्याचा दिवा विझतो. भाची घाबरते, "मावशी, बंद पडला!"

"झोपला तो," काका म्हणतात. "अर्धा तास कुणी हात लावला नाही की आपलाआपण झोपतो."

आम्ही अर्धा तास बोलत होतो तर. भाची बटण दाबून त्याला उठवते आणि मग, पट्ट्यांवर हात ठेवूनच, विचारते, "काका, तुम्हाला एवढ्या सगळ्या पट्ट्या लागत नाहीत ना? तुमच्या सहाच आहेत."

"सहाच," काका म्हणतात.

"मग माझा छोटा घ्या ना. तो कपाटावर मावतो. तीन फुटांचाच आहे. हेडफोनपण लागतो त्याला."

काकूंचा हात पदरावरच थांबतो. मी बहिणीला फोन लावते. तिचा पहिला प्रश्न, "पण तो सरबत सांडलेला गं, कुणाला कसा द्यायचा?" आणि दुसरा, "काकांना चालेल का खरंच?" चालेल असं काका माझ्याकडे न बघता, भाचीकडे बघत सांगतात. १९,००० आणि छोटा कीबोर्ड. काकू लगेच उठून पेढे आणायला आत जातात, जसं काही ठरलंच आहे, आणि मग ते ठरतंच.

शिंप्याच्या टेपनं मी मोजते. लांबी १३२ सेंटिमीटरहून थोडी जास्त. रिक्षात हा आडवा मावत नाही, म्हणूनच आज मेव्हण्याची गाडी आणलीय. पुढची सीट मागे पाडून तो तिरका आत जातो. साडेअकरा किलो. मी आणि काका दोन टोकांना धरून अंगणातून नेताना पारिजातकाची दोन-तीन फुलं वर पडतात. काकू नऊवारीचं आच्छादन बरोबर देतात. "राहू दे त्याच्यावर. सवय आहे त्याला."

संध्याकाळी सहाला आम्ही परत त्याच दारात आहोत, भाचीच्या हातात छोटा कीबोर्ड, ॲडॉप्टर पिशवीत. काकांनी भिंतीजवळची जागा झाडून तिथे टीपॉय मांडलाय. भाची वायर जोडते, चित्रातलं अधिक-उणे जुळतंय का ते वाकून बघते, आवाज पार कमी करते.

"आता तुम्ही तपासून घ्या," ती म्हणते. "हळू दाबा. प्रत्येक."

काका चष्मा लावतात. डावीकडून पहिली पट्टी. मग शेजारची काळी. ती त्यांच्या बोटाबरोबर सरकत जाते, एकही गाळू देत नाही. उजवीकडे शेवटाला आल्यावर ती त्यांचा हात थांबवते. "ही बघा, शेवटून दुसरी पांढरी. ही अडकते. सरबत सांडलं होतं माझ्याकडून. तुमच्या सहात ती येत नाही, पण सांगितलेलं बरं."

काका ती पट्टी दाबतात. ती खाली जाते आणि जरा उशिरा वर येते. "चालेल," ते म्हणतात.

काकू मायक्रोपोरचं रीळ आणि कात्री आणून देतात. भाची गुडघे टेकून बसते, जीभ दातांत धरून सरळ तुकडे कापते. काळी एकवर लावते. काळी दोन. पांढरी चार. नखानं दाबून कडा बसवते. काळी चार, काळी पाच. काकांचा डावा पंजा टीपॉयच्या कडेवर आला आहे. हातात शेवटचा तुकडा धरून ती वर बघते.

"वरचा सा पण लावू ना?"